मिशीवाले मासे : आजार ओळखावा कसा?

काचेच्या टाकीतील रंगीत मासे हा आता केवळ बंगल्यातील दिवाणखान्याचा शौक राहिलेला नाही. आमच्या फलटणमध्ये केशकर्तनालयात, दवाखान्यात, कापडाच्या दुकानातही टाकी दिसते. तीत तोंडाने काचेला चिकटून बसलेला एक काळपट, ठिपकेदार मासा हमखास असतो. विक्रेते त्याला ‘सकर’ म्हणतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिशीवाल्या माशांच्या म्हणजेच कॅटफिशच्या गटातला. तळाशी वाळू हुंगत फिरणारे छोटे कोरिडोरासही याच गटातले. आणि आपल्या नद्यांतले शिंगी, मागूर, शिंगाळा हे त्यांचे भाऊबंद. गेली दोन वर्षे मी अशाच एका दुकानातील टाकीची देखभाल करीत आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. परंतु धडधाकट माशाला आजारी समजून टाकीत औषध ओतणारे आणि खरोखरीच आजारी माशाकडे काणाडोळा करणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. दोहोंचा शेवट एकच होतो.

याचे कारण असे की, इतर माशांच्या बाबतीत जी आजाराची लक्षणे, ती या माशांच्या बाबतीत पुष्कळदा नित्याची सवय असते. गोल्डफिश दिवसभर तळाशी पडून राहिला तर काळजी करावी. सकर मात्र निशाचर आहे, तो दिवसा पडूनच राहणार. कोरिडोरास मधूनच बाणासारखा वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. आतड्याच्या मागच्या भागातून तो त्या हवेतील प्राणवायू घेतो. आपल्याकडील मागूर ओल्या पोत्यात बराच वेळ जिवंत राहतो, ते कोळ्यांना ठाऊकच असते. त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे वेगळे इंद्रिय आहे. तेव्हा मासा वर आला यात नवल नाही. एरवी क्वचित वर येणारा मासा आज घटकेघटकेला येऊ लागला, तर मात्र पाण्यात काही तरी बिघडले आहे असे समजावे. थोडक्यात, आपल्या माशाची रोजची चाल ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याचा आजार कळणे कठीण.

मग खरी लक्षणे कोणती? कल्ले भराभर हलणे, जाळी जवळ नेली तरी न हलणे, रात्री दिवा मालवल्यावरही खाण्याला तोंड न लावणे, दगडावर अंग घासणे, मिशा झिजून आखूड होणे. मिशा झिजल्या तर तळाची घाण आधी पाहावी. पोटात पाणी साठले की इतर माशांचे खवले उभे राहतात व रोग चटकन दिसतो. यांना तसे खवलेच नाहीत, त्यामुळे फुगलेल्या पोटावरूनच काय तो अंदाज करावा लागतो.

लक्षण दिसताच बाटलीकडे धावू नये. प्रथम पाणी पाहावे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचे रूपांतर आधी नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. दर रविवारी सगळे पाणी ओतून, स्पंज नळाखाली खसखसून धुऊन टाकी लखलखीत करणाऱ्यांचे मासे का मरतात, याचे उत्तर यात आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्या जिवाणूंना मारते. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा. पाव हिस्सा पाणी बदलावे, तेही दिवसभर उघडे ठेवलेल्या पाण्याने. उन्हाळ्यात आणखी एक अडचण असते : 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात वीज गेली व पंप बंद पडला, तर मगाने पाणी वरून सोडत राहावे.

सकरच्या बाबतीत एक आजार आपणच निर्माण करतो. तो म्हणजे उपासमार. ‘हा टाकी साफ करतो, याला वेगळे खाणे लागत नाही’ असे विकणारा सांगतो. घेणारालाही ते सोयीचेच वाटते! शेवाळ संपले की तो उपाशी राहतो. पोट आत जाते, डोळे खोल जातात. रात्री काकडीची किंवा उकडलेल्या दुधीची फोड दगडाला बांधून तळाशी ठेवावी व सकाळी उरलेली काढावी. आमच्या टाकीतील सकरच्या पोटाला महिन्याभरात गोलाई आली, औषधाचा थेंबही लागला नाही.

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले, तर मात्र औषध हवे. हा परजीवी काही दिवस माशाच्या कातडीत राहतो, मग गळून तळाशी जातो आणि त्याची शेकडो पिल्ले नवा मासा शोधत पोहू लागतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणून ठिपके नाहीसे झाले तरी बाटलीवर दिलेल्या मुदतीपर्यंत उपचार थांबवू नये. मॅलाकाइट ग्रीन, तांब्याची औषधे व मीठ हे मासे इतरांइतके सोसत नाहीत. खवले नसलेल्या माशांसाठी किती मात्रा लिहिली आहे ते वाचूनच द्यावे. टाकी कोमट केल्याने या परजीवीचे चक्र लवकर उरकते व औषध लवकर लागू पडते. परंतु तोंडाशी कापसासारखा पुंजका दिसत असेल, तर तो जिवाणूंचा रोग असू शकतो आणि तो उष्णतेने बळावतो. दोहोंतला फरक ओळखल्याखेरीज हीटर वाढवू नये.

नवा मासा आणला की दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

आता राहिला कालवा. मासा आजारी पडला किंवा टाकीला मोठा झाला, की ‘सोडा नीरा उजव्या कालव्यात, जगला तर जगला’ असे म्हणण्याची पद्धत आहे. ही दया नव्हे. सकर फूट-दीड फूट वाढतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि आपल्या पाण्यात सहज तग धरतो. कालव्याचे पाणी पुढे माळशिरस, पंढरपूरकडे जाते, तर आमची बाणगंगा नीरेला मिळते व नीरा भीमेला. आफ्रिकन मांगूर या परक्या माशाच्या पालनावर शासनाने 2000 साली बंदी घातली, कारण तो देशी मासे फस्त करतो. आजारी मासा सोडला तर त्याच्याबरोबर त्याचा रोगही नदीत जातो. मोठा झालेला मासा विक्रेत्याला परत द्यावा, मेलेला मातीत पुरावा, आणि टाकीचे पाणी ओढ्यात न ओतता झाडांना घालावे.