इंगळी पाळायची, म्हणजे माती सांभाळायची

पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकजवळच्या एका शाळेतले शिक्षक बरणी घेऊन आमच्याकडे आले. बरणीत बोटापेक्षा लांब, काळा विंचू होता. आपल्याकडे त्याला इंगळी म्हणतात. शेताच्या बांधावर खणताना तिचे बीळ फुटले होते. ‘वर्गात ठेवता येईल का?’ असा त्यांचा प्रश्न होता.

आधी ओळख पटवली. इंगळीचे चिमटे जाड आणि शेपटी त्यामानाने बारीक असते. ती भक्ष्य मुख्यतः चिमट्यांनीच चिरडते. २०२० साली झालेल्या फेरवर्गीकरणात दख्खनमधल्या या काळ्या विंचवांना ‘डेक्कनोमेट्रस’ ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. लाल विंचू मात्र आकाराने लहान, त्याचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड. त्याच्या विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये एकाएकी सुटतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून असे कितीतरी रुग्ण वाचवले. लाल विंचू वर्गात कधीही आणू नये. ओळखीबद्दल थोडीही शंका असेल, तर कोणताच विंचू आणू नये.

शिक्षकांना आम्ही आमची एक जुनी चूकही सांगितली. पूर्वी एक इंगळी आम्ही काचेच्या पेटीत, जेमतेम चार सेंटिमीटर मातीवर ठेवली होती. खायला-प्यायला वेळेवर देत होतो. ती मात्र रात्रभर काचेला लागून फिरत राही. पुढे एके दिवशी ती अर्धवट कात टाकलेल्या अवस्थेत मेलेली आढळली. असे का झाले असावे?

उत्तर बिळात आहे. उन्हाळ्यात जमिनीचा पृष्ठभाग दुपारी तापतो आणि रात्री निवतो. फूट-दीड फूट खाली हा दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो, आणि तिथली हवाही दमट असते. कात टाकताना जुने कवच सुटायला हा दमटपणा लागतो. कोरड्या हवेत ते अंगाला चिकटून बसते. म्हणजे बीळ ही इंगळीची नुसती लपायची जागा नव्हे. ऊन आणि कोरडेपणा यांपासून तिचे रक्षण तेच करते.

म्हणून या वेळी पेटीत वीस-पंचवीस सेंटिमीटर माती भरली. पोयट्यात थोडी वाळू मिसळून ओली केली. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतपतच ओल. थर देत माती चोपली, वर कौलाचा तुकडा ठेवला आणि त्याखाली काठीने तिरके भोक पाडले. पुढचे खोदकाम इंगळीने स्वतःच केले. माती वाळू लागली की एकाच कोपऱ्यात पाणी घालावे, म्हणजे ओली आणि कोरडी अशा दोन्ही जागा तिला मिळतात. पेटी उन्हात ठेवू नये. झाकण जाळीचे आणि कडी लावलेले असावे.

आठ-दहा दिवसांनी एक झुरळ किंवा रातकिडा पुरतो. फवारणी केलेल्या घरातले झुरळ मात्र देऊ नये. इंगळी भक्ष्यावर पाचक रस सोडून त्याचा द्रव शोषून घेते. उरलेला चोथा काढून टाकावा, नाहीतर बुरशी येते. एका पेटीत एकच इंगळी ठेवावी, कारण दोन असल्या तर एक दुसरीला खाऊ शकते. कात टाकण्याच्या वेळी आणि पाठीवर पिल्ले असताना तिला मुळीच त्रास देऊ नये. अंधारात अतिनील दिवा धरला की ती हिरवट-निळी चमकते. नुकतीच कात टाकलेली मात्र चमकत नाही. हा दिवा क्षणभरच लावावा. हाताळणी फक्त शिक्षकांनी, लांब चिमट्याने करावी. कुणाला दंश झालाच, तर विंचू काळा होता म्हणून थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.

शिक्षकांनी पाऊस सरेपर्यंत इंगळी वर्गात ठेवली आणि मग संध्याकाळी त्याच बांधावर नेऊन सोडली.

इंगळी नसली तरी यातला मुख्य प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. एक तापमापक जमिनीवर सावलीत ठेवा, दुसरा फूटभर खोल भोकात सोडून तोंड चिंधीने बंद करा. सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना मुलांना नोंदी घ्यायला सांगा. आठवड्याच्या नोंदींचे दोन आलेख शेजारी-शेजारी काढले, की इंगळी इतके कष्ट करून बीळ का खोदते, ते मुलेच सांगतील.