कापलेल्या टपाची किंमत

उघडी मोटार म्हटली की आपल्या पिंपरी-चिंचवडकरांच्या डोळ्यांपुढे एक तर लग्नाची वरात उभी राहते, नाही तर निवडणुकीची विजयी मिरवणूक. गुलालाने माखलेली जीप, मागे ताशा आणि पुढे फटाक्यांची माळ! मोटारींच्या शौकिनांच्या जगात मात्र उघड्या मोटारीला निराळा मान आहे. कापडी टप दुमडून मागे ठेवता येतो अशा गाडीला ते ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स मोटारींमध्ये अशा गाड्या थोड्या आणि म्हणून महाग. त्यातही बंद टपाची गाडी मुद्दाम कापून, कुणा एकाच्या हौसेखातर उघडी करून घेतलेली असेल, तर ती जगात एकच ठरते. मग तिची किंमत सर्वांत जास्त असायला हवी, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नेमके उलटे घडते. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शरीर आणि सांगाडा

आरंभी थोडे यंत्रशास्त्र. कारखान्यातून निघालेली बसची उघडी चॅसिस रस्त्याने जाताना आपण पाहिलेली आहे. चाके, इंजिन, दोन लांब पोलादी तुळया आणि कानाला मफलर गुंडाळून बसलेला चालक, एवढाच तिचा संसार! वरची बॉडी मागाहून कुणी दुसराच बांधतो. शंभर वर्षांपूर्वी उंची मोटारींचीही हीच रीत होती. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहायला लोक गर्दी करतात. राजाराम महाराजांच्या काळातली ही गाडी. मेबॅक ही जर्मन कंपनी त्या काळी मुख्यतः इंजिन आणि सांगाडा देई; वरचे शरीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसरे कारागीर घडवीत. अशा गाडीचा टप हा केवळ आडोसा असतो, कारण सारा भार खालच्या तुळया वाहतात. जीपला कापडी हूड सहज चालते ते याच कारणाने. २०२० साली महिंद्राने नवी ‘थार’ आणली, तिलाही कापडी टपाचा पर्याय देता आला, कारण तिच्याखाली स्वतंत्र चॅसिस आहे.

पुढे मोटारींची रचना बदलली. पत्र्याचे भाग दाबून, एकमेकांना वेल्डिंग करून एकसंध पेटी करायची आणि तिलाच इंजिन, चाके जोडायची, अशी पद्धत आली. आपल्याकडची जुनी फियाट आणि तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी या अशाच एकसंध गाड्या. इथे टप हा भार वाहणारा अवयव आहे. बुटाचा झाकण लावलेला खोका दोन्ही टोकांना धरून पिळून पाहावा. तो दाद देत नाही. झाकण काढून तोच खोका पिळावा, लगेच वाकडा होतो. मोटारीचेही तसेच. टप कापला की खड्ड्यात एक चाक गेल्याबरोबर सारी गाडी पिळवटते. पुढच्या काचेची चौकट थरथरते, दरवाजे अडकतात, काही वर्षांत सांध्यांना भेगा पडतात. म्हणून जाणता कारागीर आधी दरवाज्यांखालच्या पेट्यांत जाड पत्रा भरतो, तळाला आडवे पाइप घालतो, काचेची चौकट मजबूत करतो आणि मगच टपाला हात लावतो. एवढे करून गाडी जड होते आणि तरीही मूळच्या इतकी ताठ राहत नाही. स्पोर्ट्स गाडीची सारी मिजास वळणावरच्या पकडीत असते. तिथे हे नुकसान विशेष जाणवते.

दहा गाड्यांचे भाग्य

आता किमतीकडे वळू. इटलीच्या फेरारी कंपनीने १९६६ साली ‘२७५ जीटीबी/४’ ही बंद टपाची स्पोर्ट्स मोटार काढली. अमेरिकेतील तिचे विक्रेते लुईजी किनेती यांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी हीच गाडी उघड्या रूपात मागितली. मोदेना येथील स्काल्येत्ती यांच्या कारखान्यात १९६७-६८ मध्ये अशा अवघ्या दहा गाड्या तयार झाल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये मॉन्टेरे येथील लिलावात त्यांपैकी एक २ कोटी ७५ लाख डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम दीडशे कोटी रुपयांच्या वर जाते! त्याच मॉडेलच्या बंद गाड्यांना तेव्हा याच्या एका लहानशा हिश्श्याइतकी किंमत येत होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ती गाडी १९६८ पासून एकाच कुटुंबाकडे होती. कोणी मागितली, कोणी घडवली, कोणाकडे राहिली, याची साखळी कुठेही तुटलेली नव्हती.

हिच्या पुढचे मॉडेल ‘३६५ जीटीबी/४’, लोकांनी ‘डेटोना’ म्हटलेले. या डेटोनाच्या बंद गाड्या तेराशेच्या आसपास झाल्या. कंपनीने स्वतः उघड्या केलेल्या सव्वाशेच्या आत. साहजिकच उघड्या गाडीला मागणी फार. तेव्हा अनेक मालकांनी आपल्या बंद डेटोना खासगी कारखान्यांत नेऊन कापून घेतल्या. काही कामे इतकी सफाईची की वरवर पाहणाऱ्याला फरक कळू नये. पण चॅसिस क्रमांक खोटे बोलत नाही. कंपनीच्या नोंदीत तो बंद गाडीचा निघाला की अस्सल उघड्या गाडीची किंमत मिळत नाही. आणि पुढे बंद गाड्यांचेही भाव चढले तेव्हा कापलेली गाडी दोन्हीकडून गेली. काही मालकांनी तर पदरचे पैसे घालून पुन्हा टप बसवून घेतले!

या दोन टोकांमध्ये एक तिसरी पायरी आहे. अमेरिकेत सुरक्षिततेचे नियम कडक होणार अशी हवा पसरल्यावर तिथल्या कारखान्यांनी उघड्या गाड्या बंद करीत आणल्या. १९७६ नंतर काही वर्षे त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. मागणी मात्र होतीच. ती भागविण्यासाठी गाड्या कापून देणारे व्यावसायिक पुढे आले. जॅग्वारची ‘एक्सजे-एस’ ही १९७५ ची मोटार घ्या. (ज्या जॅग्वारची मालकी २००८ साली आपल्या टाटा मोटर्सकडे आली, तीच ही.) कंपनीची स्वतःची पूर्ण उघडी एक्सजे-एस १९८८ मध्ये आली. त्याआधी ओहायो राज्यातील हेस अँड आयझेनहार्ट या जुन्या बॉडी-बांधणी कारखान्याने बंद गाड्या उघड्या करून दिल्या आणि त्या जॅग्वारच्याच अमेरिकन विक्रेत्यांकडून विकल्या गेल्या. कंपनीच्या उघड्या गाडीपेक्षा या संख्येने कमी. तरी त्यांना फार मोठा जास्त भाव येतो असे नाही. पण त्या हिणवल्याही जात नाहीत. कारण काम कोणाचे हे ठाऊक आहे आणि त्याची नोंद आहे.

तात्पर्य, दुर्मिळता एकटी किंमत ठरवीत नाही. तीन प्रश्नांची उत्तरे लागतात. काम कोणी केले? मूळ कंपनीच्या संमतीने केले का? आणि त्याचा पुरावा काय?

आपला कायदा काय म्हणतो

आपल्या देशात याला कायद्याची बाजूही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरबदलांविषयी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावताना सांगितले की, निर्मात्याने ठरवून दिलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारा बदल वाहनात करता येणार नाही. आर.सी. बुकात ‘सलून’ म्हणून नोंदलेली गाडी टप कापून रस्त्यावर आणणे हे त्यामुळे कायद्यात बसत नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खासगी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे कापलेल्या गाडीला हा मानही दुरापास्त. बाजाराने जो निवाडा दिला, तोच कायद्यानेही दिला.

एका पद्मिनीची हकीकत

हा विषय मी का निवडला, हे आता सांगायला हरकत नाही. माझे वडील डेंटर आहेत. हातोडा आणि डॉली घेऊन चेपलेला पत्रा सरळ करण्यात त्यांचे आयुष्य गेले. लग्नापूर्वी ते चिंचवडच्या एका गॅरेजमध्ये असताना एका हौशी गृहस्थांनी आपली पद्मिनी टप कापून मागितली. वडील आणि त्यांचे एक जोडीदार दीड महिना त्या गाडीला लागले होते. नकाशा नव्हता. पहिल्यांदा टप कापला तेव्हा चौघे आत बसताच मागचे दरवाजे लागेनात. मग तळाला पाइप घातले, मागचे दरवाजे वेल्डिंगने कायमचे बंद केले, काचेच्या चौकटीला आतून पट्टी दिली. कापडाचा टप एका रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराने शिवला. गाडी बाहेर पडली त्या दिवशी गॅरेजसमोर माणसे जमली होती, असे वडील अजून सांगतात.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला आणि या गाडीविषयी लोकांच्या मनात एकदम माया दाटून आली. त्यानंतर ती कापलेली पद्मिनी विकायला निघाल्याचे वडिलांच्या कानावर आले. पाहायला आलेल्यांनी दोनच गोष्टी विचारल्या म्हणे. हे काम कोणाचे? आणि कागद कुठे आहेत? पहिल्याचे उत्तर मालकांना आठवेना, कारण बिलावर फक्त गॅरेजचे नाव होते. आणि दुसऱ्याचे उत्तर कधी नव्हतेच. शेवटी धडधाकट पद्मिनीला जे मिळाले असते त्याहून कमी पैशांत ती गेली. मी वडिलांना विचारले, “वाईट वाटलं का?” ते म्हणाले, “किमतीचं नाही रे. पण निदान आमचं नाव तरी कुणी सांगायला हवं होतं.”

माझ्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म या वाक्यात आहे. स्काल्येत्ती यांनीही पत्राच घडवला आणि माझ्या वडिलांनीही. दोघांच्या कामाची बरोबरी आहे, असे मी म्हणत नाही. ते काम कंपनीच्या साह्याने, आखून झाले. हे अंदाजाने आणि कायद्याच्या नजरेआड. पण एका हाताला नाव राहिले आणि दुसऱ्याला राहिले नाही, याचे एक कारण एवढेच आहे की तिथे लिहून ठेवण्याची रीत होती.

भोसरीपासून चाकणपर्यंतचा आपला पट्टा रोज हजारो गाड्यांचा पत्रा घडवतो. १९९५ पासून पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला मर्सिडीजच्या मोटारी जोडल्या जात आहेत. जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करण्याचे कामही येथील गॅरेजांत होते, आणि त्याला पुढे चांगला काळ आहे. तेव्हा गाडी कापू नये, हे तर खरेच. पण जे काम करू त्याची तारीख, छायाचित्रे, वापरलेले भाग आणि काम करणाऱ्यांची नावे एका वहीत लिहून ती गाडीबरोबर द्यावी. यंत्र मला चालवता येत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. परंतु लिहिता येते. पुढच्या सुट्टीत वडिलांच्या गॅरेजमध्ये अशी एक वही सुरू करण्याचे मी ठरवले आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या पद्मिनीची हकीकत असेल, आणि खाली दोन नावे.

— द्वितीय वर्ष, कला