स्टेजवरचा ट्यूनर

आंबीतल्या डी. वाय. पाटील संकुलासारख्या ठिकाणी गॅदरिंगला गिटार घेऊन उभं राहायचं, तर मोबाईलचं ट्यूनर अ‍ॅप विसरा. ते माइकमधून ऐकतं. ड्रम सुरू झाले की त्याला तुमची तार सापडतच नाही. क्लिप ट्यूनर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लागतो आणि लाकडाचं कंपन टिपतो. घरी उत्तम, पण बेसने स्टेज थरथरलं की काटा भिरभिरतो.

म्हणून पेडल. बॉस टीयू-३ सारख्या पेडलला सूर थेट केबलमधून मिळतो. पायाने दाबा, आवाज बंद. खुंट्या पिळा, पुन्हा दाबा. श्रोत्यांना ट्यँव-ट्यँव ऐकावी लागत नाही, आणि माझ्या मते निम्मे पैसे याच सोयीचे. मात्र गिटारला पिकअप नसेल तर क्लिपच घ्या.

सोबत पेटी असेल तर? ती ऐनवेळी जुळवता येत नाही, आणि ४४० हर्ट्झवर असेलच असंही नाही. पेटीची पांढरी सहा दाबून गिटारची ए तार कानाने मिळवा. मग काटा मध्यावर येईपर्यंत ट्यूनरचा आधारसूर सरकवा. टीयू-३ मध्ये तो ४३६ ते ४४५ पर्यंत बदलता येतो. उरलेल्या तारा त्यावरच लावा.