दोन नावांचा एक जंत

1790 साली कोपनहेगनमध्ये पीटर क्रिश्चन आबिल्डगार्ड या पशुवैद्याने बदकांना मुद्दाम जंत झालेले मासे खाऊ घातले. मासा होता स्टिकलबॅक, बोटभर लांबीचा, पाठीवर तीन काटे असलेला. त्याच्या पोटाच्या पोकळीत चपटा, पांढरा पट्टकृमी सापडे. पाणपक्ष्यांच्या आतड्यात तसाच, पण अंड्यांनी भरलेला पट्टकृमी मिळे. एक माशाचा, दुसरा पक्ष्याचा, म्हणून दोघांना वेगवेगळी नावे. आबिल्डगार्डने बदकांची आतडी उघडली तेव्हा माशातले जंत तिथे वयात आलेले दिसले. प्राणी एकच होता, त्याने फक्त घर बदलले होते.

त्या काळात हे पचणे सोपे नव्हते. जंत येतात कुठून, या प्रश्नावर डॅनिश अकादमीने बक्षीस लावले होते आणि 1782 मध्ये छापलेल्या आपल्या निबंधात बर्लिनच्या मार्कस ब्लॉखने उत्तर दिले होते की, ते प्राण्यात उपजतच असतात. ब्लॉख काही साधासुधा माणूस नव्हता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीहून मिशनरी त्याला मासे पाठवत, आणि आपल्या मरळीच्या कुळातल्या एका माशाला 1793 मध्ये शास्त्रीय नाव दिले ते त्यानेच. माशांची एवढी पारख असलेल्या माणसालाही माशातल्या जंताचा प्रवास दिसला नाही.

बदकांचा प्रयोग पुढची पन्नासेक वर्षे अडगळीतच पडला. 1842 मध्ये डेन्मार्कच्याच स्टीनस्ट्रुपने काही प्राण्यांच्या लागोपाठच्या पिढ्या वेगवेगळ्या रूपांत जगतात, हे मांडले. 1850च्या दशकात जर्मनीच्या क्यूखेनमाइस्टरने तर फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना डुकराच्या मांसातल्या जंताच्या गाठी खाऊ घातल्या आणि फाशीनंतर त्यांच्या आतड्यात पट्टकृमी शोधले. प्रयोग अंगावर काटा आणणारा असला, तरी त्याने वाद बराच निकाली काढला.

तरी साखळीची एक कडी निसटलेलीच होती. पक्ष्याच्या शिटेतून अंडी पाण्यात पडतात, पण माशात शिरतात कशी? माशांतून माणसाला होणाऱ्या पट्टकृमीबाबत याचे उत्तर यानित्स्की आणि रोझेन या दोघांनी 1917 मध्ये दिले. अंड्यातून निघालेली पोहणारी अळी आधी सायक्लॉप्ससारखे सूक्ष्म जलचर गिळतात आणि त्यांना मासा खातो. सायक्लॉप्स मराठी वाचकाला अनोळखी नाही. पायविहिरीच्या पाण्यातून नारू पसरवणारा तो हाच. नारू 2000 साली देशातून अधिकृतपणे हद्दपार झाला. माशांचे पट्टकृमी मात्र सायक्लॉप्सच्या अंगात अजून सुखाने फिरतात.

मग प्रश्न आला वेळेचा. स्टिकलबॅकमध्ये महिनोन् महिने वाढणारा आबिल्डगार्डचा तो जंत तिथे वयात का येत नाही? जे. डी. स्मिथ यांनी स्टिकलबॅकमधले जंत काढून काचेच्या नळीत, 40 अंश सेल्सिअसला ठेवले. दोनेक दिवसांत ते वयात आले. 1946 मध्ये हे प्रसिद्ध झाले. पक्ष्याच्या अंगची ऊब हाच त्यांचा इशारा होता. माशात वाढ आधीच उरकलेली असते, कधीकधी तर जंताचे वजन खुद्द माशाच्या वजनाची बरोबरी करते. पक्ष्यात उरते ती फक्त अंडी घालण्याची घाई.

अशा माशाचे वागणेही बदलते. बगळ्याच्या हल्ल्याचा आभास निर्माण केला की निरोगी स्टिकलबॅक बराच वेळ दबून राहतो. जंत झालेला मात्र लवकर पुन्हा खायला निघतो, असे नील जाइल्स यांना 1983 मध्ये दिसले. जंत त्याला बगळ्याच्या चोचीकडे ढकलतो, की त्याचे अन्न लुटून त्याला फक्त उपाशी ठेवतो, यावर वाद झडत राहिला. पुढे 2012 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मोठे जंत पोटात असलेले मासे जास्त उबदार पाणी निवडतात आणि अशा पाण्यात जंत झपाट्याने वाढतात.

भारतात नावांचा हा घोळ आणखी वाढला. मराठवाडा विद्यापीठात गोड्या पाण्यातल्या माशांच्या पट्टकृमींवर पिढ्यान् पिढ्या काम झाले. जी. बी. शिंदे यांनी 1968 मध्ये मरळीतल्या एका जंतासाठी सर्कमऑन्कोबोथ्रियम ही नवी प्रजाती उभी केली. पुढे तज्ज्ञांनी ती सेंगा या 1934च्या जुन्या नावात मिसळली. ते जुने नाव फ्रान्समधल्या मत्स्यालयातल्या एका झुंजार माशाच्या जंतावरून पडलेले. मागूर माशातल्या पट्टकृमींना भारतात आणि आसपासच्या देशांत डझनावारी नावे मिळाली होती. 2011च्या फेरतपासणीत त्यांपैकी जेमतेम आठ जाती टिकल्या. युरोपात एका जंताची दोन नावे झाली होती, इथे एकेकाची कितीतरी.

लिग्युला या 1758 पासून ओळखीच्या जंतावर डीएनएने आता तिसराच डाव टाकला आहे. मासे आणि पाणपक्षी यांच्यात येजा करणारा हा जंत एकच जात म्हणून गणला जाई. जगभरचे नमुने तपासल्यावर त्या एका नावाखाली कित्येक वेगळे वंश नांदताना सापडले आहेत आणि त्यांच्या बारशाचे काम अजून चालूच आहे.