कागदाचे थर, नाताळचा देखावा

थरांच्या नाताळकार्डात चित्र एकाच कागदावर नसते. पाच-सहा जाड कागद एकामागे एक बसवलेले असतात. बाहेरून सगळ्यांना सारख्याच मापाची चौकट आणि आत प्रत्येकाचा आकार वेगळा. पहिल्या कागदाच्या कडेने पाइनच्या फांद्या, दुसऱ्यावर सूचिपर्णी झाडांची रांग, तिसऱ्यावर हरणांची जोडी, चौथ्यावर छपरावर बर्फ साचलेले लहानसे चर्च, पाचव्यावर टेकड्या आणि सर्वांमागे आकाश. कागदांमध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटर पोकळी ठेवली की प्रत्येक थराची सावली मागच्या थरावर पडते आणि तळहाताएवढ्या कार्डात दूरवर पसरलेला हिवाळा दिसू लागतो. अमेरिकेत आणि युरोपात नोव्हेंबर लागला की हौशी मंडळी अशी कार्डे करायला घेतात. पूर्वी त्यासाठी धारदार पाते घेऊन तासन्‌तास मान मोडून बसावे लागे. गेल्या वीसेक वर्षांत टेबलावर मावणारे कटिंग मशीन हे काम करू लागले आहे.

थरांतून खोली दाखवण्याची कल्पना मात्र यंत्राहून कितीतरी जुनी आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरातील चित्रमुद्रक मार्टिन एंगेलब्रेख्त (१६८४–१७५६) छापलेली चित्रे हाताने रंगवून, कापून, एकामागे एक लावायचे संच विकत असे. ते पेटीत बसवून समोरून पाहिले की रंगमंचाचा भास होई. पुढे या संचांना दोन्ही बाजूंनी घड्यांचा कागद जोडला गेला. ओढून उलगडायचे आणि छिद्रातून आत पाहायचे. १८४३च्या मार्चमध्ये लंडनला टेम्स नदीखालचा बोगदा लोकांसाठी खुला झाला, तेव्हा आठवण म्हणून अशी उलगडणारी बोगदा-दृश्ये विकली गेली. त्याच वर्षी त्याच शहरात हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन पहिले छापील नाताळकार्ड काढले. सुमारे हजार प्रती आणि एका कार्डाला एक शिलिंग. आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाचे कोल पुढे पहिले संचालक झाले, आणि कागदी देखाव्यांचा मोठा संग्रहही तिथेच आहे. थरांच्या कार्डात या दोन्ही परंपरा एकत्र येतात.

कटिंग मशीन हे नाव नवखे वाटले तरी त्याचा भाऊबंद महाराष्ट्रात गावोगावी भेटतो. गाडीच्या काचेवर रेडियमची अक्षरे लावून देणाऱ्या दुकानातला प्लॉटर आणि हे घरगुती यंत्र एकाच तत्त्वावर चालतात. संगणकात रेषा काढायची, यंत्राने त्या रेषेवरून पाते फिरवायचे. लग्नपत्रिकांच्या छापखान्यात चालणारे डाय-पंचिंग याहून निराळे. तिथे लाकडी फळीत पोलादी पट्ट्या वाकवून आकाराचा साचा करावा लागतो, म्हणून हजार-दोन हजार प्रती असल्या तरच तो परवडतो. कटिंग मशीनला साचा लागत नाही. एकच कार्ड कापायचे असले किंवा दहा कार्डांवर दहा नावे हवी असली, तरी यंत्राला फरक पडत नाही.

घरगुती यंत्रांत तीन नावे जास्त ऐकू येतात: अमेरिकेतल्या युटा राज्यातली क्रिकट आणि सिल्हूट, आणि जपानी ब्रदर कंपनीचे स्कॅनएनकट. स्कॅनएनकटमध्ये स्कॅनर आतच असतो, त्यामुळे कागदावर हाताने काढलेले चित्र थेट यंत्रात घालून कापता येते. क्रिकटच्या सुरुवातीच्या यंत्रांत तयार आकारांची कार्ट्रिज घालावी लागत. आता सारे काम कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चालते. मार्च २०२१मध्ये कंपनीने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला २०च नवी चित्रे चढवता येतील, असे जाहीर केले. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की तो निर्णय मागे घ्यावा लागला. यंत्र घेताना त्याच्या सॉफ्टवेअरच्या अटीही वाचायला हव्यात, हे त्या प्रकरणात बऱ्याच जणांच्या लक्षात आले.

यंत्राची रचना साधी आहे. कागद एका चिकट मॅटवर चिकटवून आत सरकवतात. रूळ ती मॅट पुढे-मागे हलवतात आणि पात्याचा गाडा डावी-उजवीकडे सरकतो. या दोन हालचालींतून हवी ती वळणदार रेषा कापली जाते. कागदासाठी वापरले जाणारे नेहमीचे पाते स्वतःच्या अक्षावर मोकळे फिरते, पण त्याचे टोक त्या अक्षाच्या किंचित मागे असते. त्यामुळे हातगाडीच्या फिरत्या चाकासारखे ते ओढले जाईल त्या दिशेला आपोआप वळते. अणकुचीदार कोपऱ्यावर मात्र पात्याला जागच्या जागी वळावे लागते. कागद मऊ किंवा दमट असेल, पात्याची धार गेली असेल किंवा वेग फार ठेवला असेल, तर कागद फाटतो तो बहुधा अशा कोपऱ्यातच.

तरीही या कलेतला अवघड भाग कापण्याचा नाही. यंत्र सांगितलेली रेषा कापते. कुठला आकार कुठल्या थरात जाईल, हे आधीच ठरवावे लागते आणि कार्ड तिथेच साधते किंवा बिघडते. पहिला नियम उघड्या जागेचा. पुढच्या थराची मोकळी जागा सर्वांत मोठी असते आणि मागे जावे तशी ती लहान होत जाते, म्हणजे प्रत्येक मागचा थर पुढच्याच्या कडेतून थोडा थोडा डोकावतो. दोन थरांच्या कडा एकाच रेषेत आल्या तर मागचा पूर्ण झाकला जातो आणि मेहनत वाया जाते.

दुसरा नियम पुलांचा. कागदात कापलेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी चौकटीला धरून राहिली पाहिजे. आकाशातला चंद्र किंवा पडणारे हिमकण चौकटीला जोडलेले नसतील, तर कागद उचलताच सुटून पडतील. म्हणून हरणाचे खूर जमिनीच्या पट्टीत मिसळलेले दाखवतात, फांदीचे टोक चौकटीत घुसवतात, चांदणीला बारीक दोरी काढून ती वरच्या कडेला टांगतात. हा पूल निदान दोन मिलिमीटर रुंद असावा. मिलिमीटरहून बारीक काड्या जाड कागदात टिकत नाहीत. जे आकार कशालाच जोडता येत नाहीत ते वेगळे कापून मागच्या थरावर चिकटवायचे. चंद्राला तर कापायचीही गरज नाही. आकाशाच्या निळ्या कागदाला गोल भोक पाडून मागे पिवळा कागद लावला की चंद्र झाला.

शुभेच्छांचा मजकूर कापतानाही हाच विचार करावा लागतो. रोमन लिपीतले सुटे अक्षर एकेक चिकटवावे लागते. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, हा मराठीत कार्ड करणाऱ्याचा मोठा फायदा आहे. मात्र संगणकावर अक्षरे जोडलेली दिसली तरी सॉफ्टवेअरच्या लेखी ती एकमेकांवर चढलेली सुटी चित्रे असतात. त्यांचा संयोग करून एकच बाह्यरेषा केली नाही, तर यंत्र प्रत्येक अक्षराची कड शिरोरेषेतूनही कापते आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. ‘शुभेच्छा’मधला ‘भ’ डाव्या बाजूला तुटक राहतो. तिथे जोड आहे का, हे मोठे करून पाहावे. ‘आनंद’वरचा अनुस्वार तर सुटाच असतो. तो शिरोरेषेला टेकवायचा किंवा चिमट्याने वेगळा चिकटवायचा.

चित्र एसव्हीजी या स्वरूपात असावे. त्यात ठिपक्यांऐवजी रेषांची नोंद असते, म्हणून माप बदलले तरी कड धारदार राहते. इंकस्केप या मोफत प्रणालीत अशी चित्रे काढता येतात. तयार चित्रेही मिळतात. पण निदान एक चित्र स्वतः थरांत मांडून पाहिल्याशिवाय तयार चित्रातली चूक कुठे आहे हे कळत नाही.

कागद दर चौरस मीटरला १७५ ते २२० ग्रॅम वजनाचा घेतात. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर भरते. तो अंगभर एकाच रंगाचा हवा. वरून रंगीत आणि आतून पांढरा कागद घेतला तर कापलेल्या प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसते. बर्फाच्या देखाव्यात ती खपून जाते, हिरव्या झाडांत मात्र डोळ्यांना खुपते. रंगांचा क्रम दोन प्रकारे लावतात. पुढे गडद आणि मागे फिके लावले तर धुक्यातल्या डोंगररांगांसारखे अंतर वाटते. पुढे शुभ्र आणि मागे गडद निळे लावले तर रात्र होते. दोन्ही रीती एकाच कार्डात मिसळल्या की खोली हरवते. एकाच रंगाच्या पाच छटा वापरलेले कार्ड पाच भडक रंगांच्या कार्डापेक्षा बहुतेकदा जास्त देखणे दिसते.

कापायच्या आधी त्याच कागदाच्या कोपऱ्यात सेंटिमीटरभराचा चौकोन कापून पाहावा. चौकोन सहज सुटला आणि मॅटवर नुसता ओरखडा राहिला, तर दाब बरोबर आहे. मॅट फार चिकट असेल तर कागदाचा पापुद्रा तिच्यावरच राहतो. कमी चिकट असेल तर कापताना कागद सरकतो. कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि तंतू मोकळे होऊन कड फुसकी येते, म्हणून तो बंद पिशवीत ठेवणे बरे. पात्याला कागदाचे कण चिकटले असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा करून त्यात पाते चार-सहा वेळा टोचतात.

कापून झाल्यावरचा एक क्षण नीट सांभाळावा लागतो. मॅटवरून कागद ओढून काढायचा मोह होतो. तसे केले की जाळीदार चौकट वाकते आणि पुन्हा सपाट होत नाही. त्याऐवजी मॅट उलटी करून कागद टेबलाला टेकवायचा, वरून एका हाताने दाबून धरायचा आणि मॅटच कोपऱ्यापासून मागे वाकवत सोलून काढायची. कागद खाली सपाट राहतो. झाडांच्या फांद्यांमधले बारीक तुकडे मग आकडीने टोचून काढायचे. या कामात घाई केली तर हरणाचे शिंग हमखास मोडते.

थर जोडायला फोम टेपच्या बारीक पट्ट्या चौकटीच्या मागे चारही कडांना लावतात. एखादी लांब फांदी मध्येच अधांतरी असेल तर तिच्याखालीही लहानसा तुकडा द्यावा, नाहीतर ती कालांतराने झुकते. जोडणी मागून पुढे करतात, आणि चिकटवण्याआधी सगळे थर एकदा कोरडेच रचून पाहतात. टेप एकदा बसली की उचलताना कागद फाटतो. फोमची जाडी ठरवताना टपालाचाही हिशेब करावा लागतो. अमेरिकेच्या टपाल खात्यात साध्या पत्राची जाडी पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटरच्या थोडी वर चालते. पाच थर आणि मागचे घडीचे कार्ड मिळून कागदाचीच जाडी पावणेदोन मिलिमीटर होते. थरांमध्ये एक-एक मिलिमीटरचे फोम चार ठिकाणी आणि कार्डाशी जोडायला साधी टेप वापरली तर एकूण पावणेसहा मिलिमीटर होतात आणि कार्ड मर्यादेत बसते. दोन मिलिमीटरचे फोम घेतले तर ते पत्राच्या मर्यादेबाहेर जाते आणि मोठ्या पाकिटाचा दर पडतो. टणक किंवा उंचसखल पत्र मर्यादेत असूनही वर्गीकरण यंत्रातून जात नसेल, तर त्यालाही जादा शुल्क लागते.

टपालाची अडचण नको असलेले लोक तोच देखावा खोल फ्रेममध्ये बसवतात. तिथे थरांमध्ये पाच मिलिमीटरपर्यंत अंतर ठेवता येते आणि मागून दिवे लावता येतात. त्यासाठी शेवटचा आकाशाचा थर जाड कागदाऐवजी ट्रेसिंग पेपरचा करतात, म्हणजे दिव्यांचे ठिपके न दिसता उजेड सारखा पसरतो. दिवे बारीक तारेवरचे, बॅटरीवर चालणारे एलईडी असावेत. ते फारसे तापत नाहीत. मेणबत्तीला कागदाजवळ जागा नाही. एलईडीची तार फ्रेमच्या आतल्या कडेने टेपने धरून ठेवतात आणि बॅटरीची डबी मागच्या पाठीवर बाहेर लावतात, कारण ती आत बंद केली तर सेल बदलायला सगळे थर उचकटावे लागतात.