चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात परसबाग का जळते? चूक पाण्यात नाही, कॅलेंडरमध्ये आहे

फेब्रुवारीत लावलेलं टोमॅटोचं रोप एप्रिलमध्ये हिरवंगार दिसतं. फुलंही येतात, पण गळून पडतात. घरचे पाणी वाढवतात, खत घालतात, तरी फळ धरत नाही. अनेकांची परसबाग इथेच संपते.

नेमकं काय होतं?

दिवसाचं तापमान 35 अंशांच्या बरंच वर गेलं आणि रात्रीही गारवा मिळाला नाही, की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. झाड जगतं, पण फळधारणा होत नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तिथे जास्त पाणी हा उपाय ठरत नाही.

हे वाळवंट आहे का?

नाही. लेहमध्ये वर्षाला साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. चंद्रपूर-गडचिरोलीत 1,000 मिलिमीटरहून जास्त. पण त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच येतो. लेहमध्ये थंडीमुळे बाग काही महिन्यांतच उरकावी लागते, इथे उन्हामुळे. म्हणून इथलं बागेचं वर्ष मार्चमध्ये नाही, जूनमध्ये सुरू करा.

कधी काय लावायचं?

• जून-जुलै: भेंडी, चवळी, काकडी, दोडके, कारली, वांगी. काळ्या जमिनीत पाणी साचतं, त्यामुळे वाफे उंच करा.
• सप्टेंबर-ऑक्टोबर: टोमॅटोची रोपं तयार करून लावा. ऊन तापण्याआधी फळं हाती येतात.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर: पालक, मेथी, मुळा, सांभार (कोथिंबीर).
• उन्हाळा: फक्त गवार, भेंडी, चवळाई अशी काटक पिकं, तीही थोडीच.

उन्हाळ्यात बाग कशी जगवायची?

सावली: 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी किंवा बांबूचा मांडव घाला.

आच्छादन: वाफ्यावर धानाचं तणीस किंवा पालापाचोळा पसरा. माती कमी तापते, ओल टिकते.

मडकं: साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंड झाका. माती कोरडी होईल तसं पाणी झिरपून थेट मुळांना मिळतं. चीनमधल्या सुमारे 2,000 वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथातही ही पद्धत आढळते.

पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर द्या. गाव जंगलाला लागून असेल तर घरामागे दाट झुडूप माजू देऊ नका, तिथे वन्यप्राणी दबा धरून बसू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आल्या आहेत. रस्ता बंद म्हणजे बाहेरून येणारी भाजीही बंद. अशा वेळी सांदवाडीतला दोडक्याचा वेल आणि भेंडीचा वाफा ताट भरतो. 'उमेद' अभियानाने बचत गटांच्या महिलांसोबत 'माझी पोषण परसबाग' मोहीम राबवली, तीही घरच्या ताटात रोज ताजी भाजी यावी यासाठीच.

पहिल्या वर्षी दोन वाफे आणि एक मांडव पुरे. मृग नक्षत्र 7-8 जूनच्या सुमारास लागतं. मे महिन्यातलं काम एकच: वाफे, शेणखत आणि बियाणं तयार ठेवा, आणि चांगल्या पावसाची वाट बघा.