गोष्ट लिहिली, पाठवायची कुठे?

कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत कथाकथनाला मांडव भरतो. मग एखादा तरुण वही पुढे करतो, "ही गोष्ट छापायला कुठे पाठवू?" संमेलने जिद्दीने भरवणारे आम्ही सीमावासीय इथे मात्र अडखळतो.

जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून लिहीत आणि त्यांच्या कथा मुंबईच्या 'सत्यकथे'त येत. अंतर आड आले नाही. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडले. आता कथेला मोठे दार आहे ते दिवाळी अंकांचे. १९०९ साली 'मनोरंजन'ने पाडलेला हा पायंडा आजही चालू आहे. शिवाय 'अनुष्टुभ'सारखी वाङ्मयीन नियतकालिके आहेत.

आधी गावच्या वाचनालयात मागचे अंक चाळावेत. कुठे कसली कथा चालते, ते तिथेच कळते. संपादकांचा पत्ताही अंकातच असतो. दिवाळीसाठीची कथा पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवावी, गणपतीपर्यंत थांबू नये. एकच कथा एका वेळी दोघांकडे धाडू नये. प्रत जवळ ठेवावी. साभार परत आली, तर पुन्हा वाचून दुसरीकडे पाठवावी.

आणि कानडी मिसळलेले आपले घरचे शब्द लाजून खोडू नयेत. मराठी शाळा टिकावी म्हणून आम्ही भांडतो. त्या शाळेतल्या मुलांना आपल्या गावची गोष्ट छापील पानावर वाचायला मिळावी, हेही आमचेच काम आहे.